एकोणसत्तरच्या फायनलचा चार नंबर

क्लूनारा पॅरिशने, म्हणजे आमच्या चर्चच्या गावाने, फुटबॉलचा आजवर एकच कप जिंकला, एकोणसत्तर सालचा, आणि त्या संघाची यादी माझ्या हातची आहे. मी तेव्हा क्लबचा सेक्रेटरी होतो. त्यानंतरही एकतीस वर्षं राहिलो, कारण दुसरं कुणी पुढे येईना. त्या यादीत चार नंबरसमोर मी लिहिलंय, फेलिम गिल्हूली. ते खोटं आहे. फेलिमने जन्मात एक सामना खेळलेला नाही. चार नंबरला त्याचा थोरला भाऊ मॅलकी खेळला. हे गावातल्या जुन्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण कागदावर कुठेच नाही. फेलिम गेला, परवाच्या हिवाळ्यात मॅलकीही गेला, आणि माझ्या गुडघ्यांची तऱ्हा बघता मीही आता फार दिवसांचा नाही. तेव्हा लिहून टाकतो.

मॅलकी सतराव्या वर्षी मोठ्यांच्या संघात आला आणि अडतिसाव्या वर्षी बाहेर पडला. एकवीस वर्षं तो एकाच जागी उभा राहिला, आपल्या गोलच्या डाव्या कोपऱ्यात. ती जागा कुणी हौसेने मागत नाही. पोरं कुंपणाबाहेर चेंडू मारत बसतात तेव्हा प्रत्येकाला गोल करायचा असतो. गोल होऊ न देण्याचं स्वप्न कुणाला पडत नाही. मॅलकीने एकवीस वर्षांत एक गुणही केला नाही. चेंडू मिळाला की तो जवळच्या आपल्या माणसाला देई आणि पुन्हा आपल्या पाहुण्याच्या पाठीला जाऊन चिकटे. समोरच्या फॉरवर्डला तो पाहुणा म्हणायचा. "पाहुण्याला एकटं सोडू नये," असं म्हणायचा, "त्याला वाईट वाटतं."

त्याची कला बघायला डोळे लागत. तो चेंडूकडे बघतच नसे, पाहुण्याच्या कमरेकडे बघे. पाय फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही, असं त्याचं मत. पंच ज्या बाजूला असेल त्याच्या उलट्या बाजूने तो जर्सीची कड दोन बोटांत धरी, आणि इतकी हलकी की पाहुण्याला वाटावं आपणच जरा दमलोय. आणि बोलत राही. गाईला वासरू झालं, पाऊस पडणार, तुमच्या आजीचे पाय कसे आहेत. साठ मिनिटं. थॅडी म्युलव्ही म्हणून ड्रमब्रॅकचा फॉरवर्ड होता, अख्ख्या काउंटीत भारी. तो एकदा म्हणाला की मॅलकीच्या कोपराचा त्रास नाही, पण त्याच्या गाईंच्या बातम्यांनी आपलं डोकं उठतं.

आणि एक गोष्ट. आमच्या देशी फुटबॉलात चेंडू हातात धरता येतो, पण जमिनीवरून हाताने उचलायचा नसतो. आधी बुटाचं टोक त्याच्याखाली घालायचं, चेंडू वर उडवायचा, मग हातात घ्यायचा. आमच्याकडे हे पोरं चालायला लागली की शिकतात. पण अंगावर तीन माणसं धावून येत असताना भलेभले हात घालतात. मॅलकीने कधी घातला नाही. त्याची आई ब्रिजी सांगायची की हा अंगणात पडलेला बटाटासुद्धा पायाने उचलतो. तिला हे कौतुकाने सांगायचं नसे, तिला ती कटकट वाटे. तिचा जीव धाकट्यावर होता.

धाकटा फेलिम फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. चेंडू आला की बाजूला व्हायचा, बोटं जपायला. क्लबचा सभासद तो माझ्यामुळे होता, कारण मी पोस्टमन, घरोघर जायचो, आणि कुणालाही सभासद केल्याशिवाय पत्र हातात देत नसे. सहासष्ट साली तो बॉस्टनला गेला. कार्ड त्याच्या नावावर चालूच राहिलं.

आता एकोणसत्तर. त्या वर्षी आम्ही कसे कोण जाणे फायनलला पोचलो. समोर ड्रमब्रॅक, म्हणजे नदीपलीकडचे, म्हणजे ज्यांच्याशी आम्ही चर्चबाहेरही बोलायचो नाही. आणि फायनलच्या बारा दिवस आधी मॅलकीवर तीन महिन्यांची बंदी आली.

कशासाठी, तर नाचल्याबद्दल. त्या काळी नियमच तसा होता. आपला देशी खेळ खेळणाऱ्याने इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, बघायचे नाहीत, आणि त्यांच्या क्लबांनी भरवलेल्या नाचालाही जायचं नाही. त्यावर नजर ठेवायला माणसं नेमलेली असत. गावच्या रग्बी क्लबाचा नाच होता, आणि नुआला नावाची एक नर्स तिथे जाणार होती, म्हणून मॅलकी गेला. दाराशी एक नेमलेला माणूस वही घेऊन उभा होता. त्याने मॅलकीला आत जाताना टिपलं आणि बाहेर येताना पुन्हा टिपलं. मी मॅलकीला म्हटलं, गाढवा, फायनल तोंडावर आहे, दोन आठवडे थांबली नसती का ती? तो म्हणाला, "ती थांबली असती. माझं सांगता येत नव्हतं."

आमच्याकडे दुसरा कोपऱ्यातला माणूस नव्हता. म्हणजे होता एक, त्याला थॅडीने अर्ध्या तासात गिळला असता. मग कमिटी बसली, आणि कुणाच्या डोक्यात आलं ते आता मुद्दाम सांगत नाही, कारण ते माझ्याच डोक्यात आलं. फेलिम सभासद आहे. फेलिमवर बंदी नाही. फेलिमला तीन वर्षांत कुणी बघितलेलं नाही. फेलिम सुट्टीवर घरी आलाय, असं म्हणायचं. भाऊ भावासारखा दिसणारच. त्या काळी असं सगळीकडे चाले, आम्ही काही पहिले नव्हतो. यादी पंचाच्या हातात देताना मला जराही अपराधी वाटलं नाही हे मात्र आजही खटकतं.

थॅडी म्युलव्हीने मॅलकीला बघताक्षणी ओळखलं. सहा वर्षं ज्याच्या अंगाला चिकटून काढली तो माणूस कुणी विसरतो? मॅलकीने मला नंतर सगळं सांगितलं. पहिला चेंडू पडायच्या आधी थॅडी म्हणाला, "फेलिम, बॉस्टनचं अन्न मानवलेलं दिसतंय. मॅलकीएवढा झालास की."

मॅलकी म्हणाला, "हो ना. आणि तुमच्या आठ नंबरला विचार, खेळ संपल्यावर माझं कन्फेशन घेईल का."

ड्रमब्रॅकचा आठ नंबर त्यांच्या पॅरिशचा धाकटा फादर होता. बिशपांनी धर्मगुरूंना मैदानावर उतरायला मनाई केलेली, म्हणून तो कुठल्याशा शेतकऱ्याच्या नावाने खेळत होता. थॅडीने मान हलवली आणि दोघे आपापल्या जागी गेले. म्हणजे बघा, दोन्हीकडे चोरी आणि दोन्हीकडे माहिती.

सामन्याचं सगळं वर्णन करत नाही, ते मला शेवटच्या मिनिटापर्यंत बघवलं नव्हतं. शेवटचं मिनिट तेवढं सांगतो. आम्ही एका गुणाने पुढे. आमचा गोलकीपर पुढे धावत गेला आणि फादरच्या खांद्यावर आपटून आडवा झाला. चेंडू घरंगळत आमच्या गोलच्या तोंडाशी आला आणि चिखलात थांबला. मोकळा गोल, थॅडी धावत येतोय, आणि चेंडूजवळ एकटा मॅलकी, तोही गुडघ्यावर पडलेला. हात पुढे केला असता तर चेंडू मिळाला असता. पण गोलसमोरच्या छोट्या चौकोनात बचाव करणाऱ्याने जमिनीवरच्या चेंडूला हात लावला की सरळ पेनल्टी. गुडघ्यावर असलेला माणूस हातच घालणार, देहाचा धर्मच तो. मॅलकी अर्धा उठला. थॅडीचे बूट तोंडावर येत असताना एका गुडघ्यावर आला, चेंडूखाली बुटाचं टोक घातलं, चेंडू छातीवर घेतला, आणि मग थॅडी त्याच्यावर येऊन कोसळला. मॅलकीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. चेंडू त्याने सोडला नाही. पंचाने शिट्टी वाजवली आणि क्लूनाराने कप जिंकला.

पुढच्या आठवड्याच्या पेपरात फोटो नव्हता, पण दोन रकाने मजकूर होता. "बॉस्टनहून आलेल्या फेलिम गिल्हूलीच्या उजव्या पायाने कप वाचवला," असं त्यात लिहिलं होतं. ब्रिजीने ते कात्रण कापलं आणि बॉस्टनला धाडलं. तिचं म्हणणं, पोरगं तिथे एकटं आहे, हसेल तरी.

हरकत घ्यायला तीन दिवसांची मुदत होती. पोस्टमन मीच. ड्रमब्रॅकने हरकत घेतली असती तर ते पाकीट मलाच माझ्या घरी टाकावं लागलं असतं. तीन दिवस मी पोस्टाची थैली उलटी करून झटकत होतो. पाकीट आलं नाही. त्यांचा फादर आणि आमचा मॅलकी, फिटंफाट झाली.

मेडलं वाटली हॉटेलात, रविवारच्या जेवणाला. बंदी घालणारी काउंटी बोर्डाची माणसं वरच्या टेबलावर बसलेली. फेलिम गिल्हूली, असं नाव पुकारलं. मॅलकी हात गळ्यात बांधून माझ्याशेजारी बसला होता, बंदी असलेला मॅलकी. तो उठला कसा असता? ब्रिजी उठली. मुलगा कामावर परत गेलाय असं सांगून तिने डबी घेतली. मला वाटलं घरी जाऊन देईल. तिने तीही बॉस्टनला पाठवली, आणि ते पार्सल नेलं मी. वजन करताना मला आत काय आहे ते कळलं. तरी मी शिक्का मारून ते पुढे धाडलं, आणि याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही.

मॅलकीला सांगितलं तेव्हा तो गाईचं दूध काढत होता. त्याने बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "हात बरा झाला की आपण नवीन जिंकू." नवीन कधी जिंकलो नाही. तो आणखी बारा वर्षं खेळला. नुआलाशी लग्न केलं, आईची गुरं सांभाळली, रस्त्याच्या कामावर गेला, आणि दर रविवारी कोपऱ्यात उभा राहून कुणा ना कुणाला गाईंच्या बातम्या सांगितल्या.

एक्काहत्तरला तो इंग्रजांच्या खेळांचा आणि नाचाचा नियमच उठला. मी म्हटलं, आता पत्र लिहून टाकू, नाव दुरुस्त करू, आता कोण काय करणार? पण तोवर फेलिमचं पत्र आलं होतं. तो आजारी होता, काम सुटलं होतं. मग एका मुकादमाने खिशातलं ते कात्रण बघितलं. मुकादम आपल्याकडचाच, केरीचा, खेळाचा वेडा. त्याने "त्या पायाच्या माणसाला" कायमचं काम दिलं. फेलिमने लिहिलं होतं, मॅलकी, तुझ्या पायावर मी दोन वेळ जेवतोय, राग मानू नकोस. मॅलकीने पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाला, "राहू दे बार्टली. कप परत मागतील ते वेगळंच." आणि राहिलं ते राहिलंच.

पंचवीस वर्षांनी, चौऱ्याण्णव साली, काउंटी बोर्डाचं पत्र आलं. आमच्याकडे तशी पद्धत आहे. फायनलच्या दिवशी मध्यंतरात, पंचवीस वर्षांपूर्वी जिंकलेल्या संघाला मैदानात बोलावतात. एकेकाचं नाव पुकारतात, माणूस टाळ्यांत चालत जातो, रांगेत उभा राहतो, अध्यक्ष हात मिळवतात. काहींचे केस गेलेले, काहींची माणसं गेलेली, त्यांची मुलं त्यांच्या जागी चालतात. वर्षभर कुठे न दिसणारी माणसं त्या दिवशी दाढी करून येतात. पत्र घेऊन मी मॅलकीकडे गेलो. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मला एकदा जायचं होतं रे तिथून चालत. आपल्या नावाने. बाकी काही नको होतं." इतकं स्वतःबद्दल बोललेला मी त्याला कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, जाशील. मी बोर्डाला लिहितो. अध्यक्ष कोण आहे माहीत आहे ना? थॅडी म्युलव्ही. त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी लिहायच्या आधी फेलिमचा फोन आला. तो येत होता, मुलीला घेऊन. मेव्ह तिचं नाव, तेवीस वर्षांची. तिने हा सोहळा कुठेसा वाचला होता, आणि बाबांसाठी तिनेच तिकिटं काढली होती.

ते मंगळवारी आले. फेलिम पन्नाशीच्या आतला असून साठीचा दिसत होता. मुलगी दणकट, बोलघेवडी, गुडघ्यावर खरचटलेली. बॉस्टनमध्ये बायकांच्या संघात खेळते म्हणाली. मी विचारलं कुठे. "कोपऱ्यात, चार नंबर. बाबांची जागा," ती म्हणाली, आणि गळ्यातली साखळी बाहेर काढून दाखवली. त्यात ते मेडल होतं. नुआला चुलीकडे वळली आणि उगीच कोबी ढवळत राहिली.

जेवणानंतर मी, मॅलकी आणि फेलिम गोठ्यात गेलो. फेलिम दाराशीच थांबला. मग म्हणाला, "मी तिला खोटं कधी सांगितलं नाही, मॅलकी. तिने कात्रण वाचलं आणि मी नाही म्हटलं नाही. मग तिची आई गेली. चौदा वर्षांची होती. बोलेना, जेवेना. एक दिवस ते मेडल गळ्यात घातलं आणि मैदानावर गेली. तेव्हा सांगायचं का मी?"

मॅलकी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याने विचारलं, "चांगली खेळते?"

"म्हणतात तसं."

"मग तूच चाल रविवारी," मॅलकी म्हणाला.

मला संताप आला. मी म्हटलं, अरे, हा त्या दिवशी अटलांटिकच्या पलीकडे कौलं बसवत होता. मॅलकी म्हणाला की यादीत ज्याचं नाव आहे तोच चालणार, आणि यादी कुणी लिहिली बार्टली?

नुआलाने मात्र ऐकवलं. ती म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या पाठीमागे उभा राहिलास. आता स्वतःच्याही पाठीमागे उभा राहतोस का? आणि बंदी माझ्याबरोबर नाचल्याची होती, त्या मेडलात माझाही वाटा आहे." मॅलकी म्हणाला, तुझा वाटा तू रोज वसूल करतेस. ती हसली नाही.

मग त्या आठवड्यात मी जे बघितलं ते पुन्हा बघायला मिळू नये. रोज संध्याकाळी गुरांना चारा घालताना मॅलकी फेलिमला तो सामना शिकवत होता. स्वतःचा सामना. अमक्या मिनिटाला वारा कुठून होता, थॅडी काय बोलला, तू काय बोललास. तू म्हणायचा, मी नव्हे. मुलगी उद्या काही विचारेल, रांगेतला कुणी आठवण काढेल, तर फेलिम अडकू नये म्हणून. फेलिम शाळेतल्यासारखा पाठ करायचा. कन्फेशनच्या विनोदाला तो चुकीच्या जागी थांबायचा, तेव्हा मॅलकी त्याला पुन्हा म्हणायला लावायचा.

रविवारी मॅलकीला मैदानावर काम होतं. फायनलचा पंच आमच्या गावचा, आणि पंच गोलपाशी उभे राहणारे चारजण आपल्या ओळखीचेच आणतो. मॅलकी पांढरा कोट घालून, गोलचं हिरवं आणि गुणाचं पांढरं निशाण घेऊन एका खांबाशी उभा. मला वाटतं, त्याने ते काम मुद्दाम मागून घेतलं, म्हणजे त्याला प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायला नकोत. मी, नुआला आणि मेव्ह स्टँडमध्ये. तिच्या हातात कॅमेरा.

मध्यंतर झालं. नावं सुरू झाली. गोलकीपर, दोन नंबर, तीन नंबर. "चार नंबर, फेलिम गिल्हूली." फेलिम नवा कोट घालून चालत गेला. क्लूनाराची माणसं बसली होती तिथे क्षणभर टाळी पडली नाही, आणि मग पडली. थॅडी म्युलव्ही अध्यक्षाची साखळी गळ्यात घालून उभा होता. त्याने हात पुढे केला, फेलिमकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून पार त्या टोकाच्या गोलकडे बघितलं. त्याने हात मिळवला. या माणसाला मी पंचवीस वर्षं शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या मागे घेतो.

पंधराही जण रांगेत उभे राहिले. फोटोवाला त्यांना सरका म्हणत होता. मध्यंतरात पोरं मैदानाच्या कडेला चेंडू खेळतात तशी खेळत होती. एकाचा चेंडू सुटला, घरंगळत आला आणि रांगेसमोर थांबला, नेमका फेलिमपुढे.

फेलिम वाकला आणि त्याने तो दोन्ही हातांनी उचलला.

शेजारी आमचा जुना तीन नंबर होता, त्याचा पाय आपोआप अर्धा पुढे आलेला मी बघितला. स्टँडमधून कुणीतरी "फाउल!" म्हणून ओरडलं आणि दोन हजार माणसं हसली. प्रेमाने हसली. वयस्कर माणूस आहे, कोट नवा आहे, चिखल आहे. फेलिमही हसला, चेंडू पोराकडे फेकला. काही बिघडलं नाही असं वाटलं असतं कुणालाही.

मी मेव्हकडे बघितलं. ती हसत नव्हती. कॅमेरा मांडीवर ठेवला होता. तिला ते कात्रण पाठ होतं. गुडघ्यावर पडलेला, बूट तोंडावर येत असतानाही ज्याने हात घातला नाही, त्या माणसाच्या गोष्टीवर ती वाढली होती आणि स्वतः त्याच जागी खेळत होती. असा माणूस शंभर वर्षांचा झाला तरी आधी पाय घालतो. तिने रांगेकडे बघितलं, मग नुआलाकडे. नुआलाने नजर खाली घेतली. मेव्ह उठली आणि पायऱ्या उतरून गेली.

मी घाबरलो आणि तिच्यामागे निघालो. गुडघ्यांमुळे मागे पडलो. ती तारेच्या कुंपणाच्या कडेने अख्ख्या मैदानाला वळसा घालून त्या टोकाच्या गोलपाशी गेली. मॅलकी खांबाला टेकून रांगेकडे बघत होता. मी पोचलो तेव्हा ती तारेला धरून उभी होती.

मग तिने विचारलं, "काका, शेवटच्या मिनिटाला कुठला पाय होता?"

मॅलकीने माझ्याकडे बघितलं. सगळा सामना त्याने फेलिमला शिकवला होता, पण त्याला स्वतःला हा प्रश्न कुणी विचारेल याची तयारी त्याने केली नव्हती. पंचवीस वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

"डावा," तो म्हणाला.

"पेपरात उजवा आहे."

"पेपरवाला पलीकडच्या बाजूला बसला होता." त्याने निशाणं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उजवा गुडघा जमिनीवर होता पोरी. उजवा कसा असेल?"

तिने मान हलवली, कोपऱ्यातला एक माणूस दुसऱ्याला पटलं म्हणून हलवतो तशी. मग गळ्यातली साखळी काढली आणि तारेवरून त्याच्यापुढे धरली. मेडल त्याच्या तोंडासमोर लोंबत होतं. त्याने ते जन्मात पहिल्यांदा जवळून बघितलं. इतक्या जवळून तर मीही कधी बघितलं नव्हतं, मी फक्त त्याचं वजन केलं होतं.

"बाबांना मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "पण हे तुमचं आहे."

मॅलकीचे दोन्ही हात निशाणांवरच राहिले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्याने हात मोकळा केला नाही. मलाही रडू आवरत नव्हतं, ते सांगायला मला लाज नाही.

"हात घालावासा वाटला नाही का हो तेव्हा?" तिने विचारलं.

"वाटला की," मॅलकी म्हणाला. "फार वाटला." मग मेडलाकडे मानेने खूण केली. "घाल ते गळ्यात. आणि उद्या सकाळी गुरांचं आवरलं की खालच्या कुरणात ये. तू चेंडू कसा उचलतेस ते बघायचंय मला."

संघ परत मैदानात येत होते. पंचाने हात वर केला. मॅलकी खांबापाशी ताठ उभा राहिला आणि मेव्ह तिथेच तारेला टेकून शेवटपर्यंत बघत राहिली, फॉरवर्डच्या कमरेकडे.